भाड्याने दिलेल्या फ्लॅटची भिंत दर पावसाळ्यात ओली होते: रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाण्याची वाट कशी शोधावी

"काका, बेडरूमची भिंत पुन्हा फुगली आहे." हा फोन मला सलग तीन वर्षे जुलै महिन्यात आला आणि तिन्ही वेळा फोन करणारा भाडेकरू वेगळा होता. माझे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, एक डोंबिवलीत आणि दुसरा पुण्यात कोथरूडला. फोन डोंबिवलीच्या फ्लॅटचा असे. इमारत चार मजल्यांची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा आणि भिंत पश्चिमेकडची. दरवर्षी मी तेच करीत असे. पाऊस संपला की रंगारी येई, पोपडे खरवडून काढी, बाजारात मिळणारी 'वॉटरप्रूफ' पुट्टी लावी आणि दोन हात रंग देई. दिवाळीत भिंत नव्यासारखी दिसे. नवा भाडेकरू ती पाहून घर पसंत करी आणि पुढच्या जुलैत त्याचा फोन येई.

चौथ्या वर्षी मी रंगाऱ्याला बोलावले नाही, पण त्याहून मोठी चूक केली. ओल खिडकीच्या वर, बीमच्या खालच्या कोपऱ्यात दिसत होती आणि त्या कोपऱ्यालगतच वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे न्हाणीघर होते. गळती तिथूनच आहे, असे मी स्वतःच ठरवून टाकले. सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने त्या कुटुंबाला पत्र दिले, त्यांनी बिचाऱ्यांनी फरश्या उखडून न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेतले आणि तीन आठवडे गैरसोय सोसली. त्यानंतरच्या पावसात माझी भिंत पूर्वीसारखीच ओली झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता. त्यांचा खर्च मी नंतर भरून दिला आणि त्यांच्या घरी जाऊन क्षमाही मागितली. मात्र कमिटीच्या सभेत माझ्या सांगण्यावरून त्यांना जे ऐकून घ्यावे लागले, त्याची भरपाई मला करता आली नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. एक-दोन फ्लॅटच्या उत्पन्नावर घरखर्चाचा काही भाग भागवणाऱ्या मालकांनी तरी ओल दिसताच रंगाचा डबा किंवा शेजाऱ्याची चूक, या दोन सोप्या उत्तरांकडे वळू नये, असे मला मनापासून वाटते.

ओल कुठे दिसते यापेक्षा केव्हा वाढते ते पाहावे

पाणी भिंतीत ज्या जागी शिरते, त्याच जागी ते बाहेर दिसेल असे नाही. विटांच्या सांध्यांतून, बीमच्या खालच्या फटीतून किंवा वायरिंगच्या पाइपमधून ते कितीतरी फूट आडवे जाते आणि जिथे प्लॅस्टर कमजोर असेल तिथे डाग उमटतो. डागाच्या जागेवरून कारण ठरवणे त्यामुळे फसवे असते. वेळ सहसा फसवत नाही, म्हणून पहिले साधन म्हणजे एक साधी वही. माझ्या पाचव्या भाडेकरूने, एका तरुण शिक्षिकेने, माझ्या विनंतीवरून ती वही ठेवली. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची, त्या दिवशी पाऊस कसा होता, वारा होता का आणि वरच्या घरात वापर होता का हे नोंदवायचे, आणि रोज एकाच जागेवरून एक छायाचित्र काढायचे. रेघेबाहेर ओल सरकली की नवी रेघ आणि नवी तारीख.

त्या वहीने दीड महिन्यात जे सांगितले, ते मला चार वर्षांत कळले नव्हते. नुसता सरळ पाऊस दिवसभर पडला तरी डाग हलत नसे, पण पश्चिमेकडून वाऱ्यासह झोडपणारा पाऊस झाला की पाच-सहा तासांत तो वाढत असे. गणपतीला वरचे कुटुंब कोकणात गावी गेले, त्यांचे घर दहा दिवस कुलूपबंद होते, पाण्याचा एक नळही चालू नव्हता आणि त्याच दहा दिवसांत दोनदा वादळी सरी येऊन डाग वीतभर पुढे सरकला. त्या एका नोंदीने वरच्या न्हाणीघराचा संशय कायमचा मिटला.

या नोंदी कशा वाचाव्यात ते सांगतो. ओल बाराही महिने असेल, एप्रिल-मेमध्येही भिंत थंड आणि ओलसर लागत असेल, तर पाणीपुरवठ्याच्या भिंतीतल्या नळातून गळती असण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण त्या नळात दाब सतत असतो. ओल वापराबरोबर कमी-जास्त होत असेल, म्हणजे सकाळच्या आंघोळींनंतर वाढत असेल आणि वरचे लोक गावी गेल्यावर सुकत असेल, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात, न्हाणीच्या ट्रॅपभोवती (पाणी जाण्याच्या तोंडाखालच्या वळणदार भांड्याभोवती) किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. अशा ओलीला बहुधा वासही येतो. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत ओल येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा खिडकी पाहावी. पाऊस थांबल्यानंतरही दोन-चार दिवस ती वाढतच राहिली आणि घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर गच्चीवर साचलेले पाणी स्लॅबमधून हळूहळू उतरत आहे, असे समजावे. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यासारखी ओल असेल आणि तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी दिसत असेल, तर पाणी पायातून वर चढते आहे. या भुकटीला आपण लोणा लागणे म्हणतो. ती म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार असतात. पाण्याबरोबर ते पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतात.

घरी करता येण्याजोग्या चाचण्या

वहीमुळे संशयाची दिशा कळते, पण कोणाचीही फरशी फोडण्याआधी खात्री हवी. या चाचण्यांना फारसा खर्च येत नाही.

सर्वांत सोपी चाचणी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. साधारण एक फूट चौरस तुकडा संशयित जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर घरातल्या हवेतील दमटपणा थंड भिंतीवर जमत आहे. दुसरा प्रकार मुंबई-ठाण्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेले कपाट, खोलीतच वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखा नसलेले न्हाणीघर एवढे असले की कपाटामागे काळी बुरशी धरते आणि भाडेकरू गळतीची तक्रार करतो. तिथे गवंड्याचे काम नसते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि हवा खेळती ठेवणे पुरते. प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना थेंब दिसले, तर मात्र दोन्ही कारणे एकत्र आहेत असे धरावे.

न्हाणीघर किंवा गच्चीसाठी पाणी साठवून पाहण्याची चाचणी आहे. पाणी जाण्याचे तोंड कापडाने किंवा रबरी बुचाने बंद करून इंचभर पाणी २४ ते ४८ तास ठेवायचे आणि खालच्या छताकडे लक्ष द्यायचे. पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळला आणि खाली तोच रंग उतरला, तर वादाला जागा उरत नाही. ही चाचणी कोरड्या दिवसांत करावी, कारण पावसाळ्यात कोणते पाणी कुठले हे ओळखता येत नाही. ट्रॅप बंद असताना खाली काहीच दिसले नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर डाग आला, तर फरशी निर्दोष आहे आणि दोष ट्रॅपच्या किंवा पाइपच्या सांध्यात आहे. एवढे कळले तर संपूर्ण न्हाणीघर उखडण्याऐवजी एका कोपऱ्यातले काम पुरते. वरच्या कुटुंबाला मी त्या वर्षी ही चाचणी करण्याची विनंती केली असती, तर एका दिवसात सत्य कळले असते.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मला वेगळा अनुभव आला. तिथे स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर भर एप्रिलमध्ये डाग होता. घर दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रिकामे असताना मी फ्लॅटचा मुख्य वॉल्व चार दिवस बंद ठेवला. डागाची कड सुकू लागली आणि वॉल्व उघडल्यावर दोन दिवसांत पुन्हा ओलसर झाली. मग प्लंबरने हातपंप आणि दाबमापक लावून थंड आणि गरम पाण्याच्या नळांची वेगवेगळी तपासणी केली. गरम पाण्याच्या नळात काटा टिकेना. गीझरकडून येणाऱ्या नळाचा एक सांधा भिंतीत सुटला होता. एका फरशीएवढा भाग फोडून काम झाले. घरात भाडेकरू राहत असेल, तर पाणी बंद ठेवण्याची अशी चाचणी त्याला आधी सांगून, त्याच्या संमतीने आणि थोड्याच तासांसाठी करावी. अत्यावश्यक सेवा खंडित करण्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या घरात पाणी नाही, त्याला आपला हेतू चांगला होता हे पटवणे कठीण जाते.

पश्चिमेची भिंत

आपल्याकडे पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, म्हणून मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात पश्चिमेची व दक्षिणेची भिंत पावसाचा खरा मार खाते. या भिंतीवर पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मी आता कोणतेही घर घेण्याआधी किंवा भाड्याने देण्याआधी त्या एकेक पाहतो. अर्ध्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

पहिली जागा खिडकी. बाहेरच्या बाजूच्या ओट्याला बाहेरच्या दिशेने उतार हवा. अनेक इमारतींत संगमरवरी किंवा ग्रॅनाइटची पाटी सपाट किंवा चक्क आतल्या बाजूला झुकलेली असते. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने, रंगाने किंवा जाळी बसवणाऱ्याने लावलेल्या सिलिकॉनने बुजतात आणि पट्टीत साचलेले पाणी आत उतरते. सुईने किंवा तारेने ही भोके मोकळी करणे हे दहा मिनिटांचे काम आहे. चौकट आणि भिंत यांच्यामधली फटही पाहावी. तिथले जुने सिलिकॉन उन्हाने आकसून सुटते. त्यावर नवे चढवून उपयोग नाही, जुने पूर्ण काढून, जागा कोरडी करून मगच नवे भरावे. खिडकीवरचा छज्जा जिथे भिंतीला मिळतो, तो सांधाही तडकतो आणि छज्ज्यावर साचलेले पाणी सरळ खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत येते.

दुसरी जागा काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्याची. बीमच्या खाली आणि कॉलमच्या कडेने प्लॅस्टरला सरळ रेषेत केसासारखी चीर जाते, कारण काँक्रीट आणि वीटकाम उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. प्लॅस्टर करताना या सांध्यावर जाळी मारलेली नसेल, तर ती चीर पडणारच. नुसत्या रंगाने ती वर्षभरही बुजत नाही. चीर इंग्रजी 'व्ही' आकारात खोदून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून, वर जाळी बसवून पुन्हा प्लॅस्टर करावे लागते.

तिसरी जागा माणसांनी पाडलेल्या भोकांची, आणि माझ्या फ्लॅटचे दुखणे तिथेच होते. डोंबिवलीच्या पहिल्या भाडेकरूने एसी बसवला होता आणि घर सोडताना तो काढून नेला. तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेले अडीच इंचांचे भोक त्याने आतून पुट्टीने इतके सफाईदार बुजवले की ते कोणाच्या लक्षात येऊ नये. बाहेरच्या बाजूने मात्र त्यात कागदाचा बोळा कोंबला होता आणि भोकाचा उतार आतल्या दिशेने होता. बाहेरची भिंत पाहण्यासाठी मी शेवटी दोरीवर लटकून काम करणाऱ्या कारागिराला बोलावले आणि त्याने फोनवर काढलेले छायाचित्र पाहिले, तेव्हा चार वर्षांचा हिशेब एका क्षणात उलगडला. वारा नसताना पाऊस त्या भोकापर्यंत पोचत नसे. वारा असला की पाणी थेट विटांच्या गाभ्यात उतरे आणि बीमखालच्या चिरेतून आडवे जाऊन कोपऱ्यात डाग उमटवी. आता माझ्या करारात अट आहे की एसी, डिश अँटेना, जाळी किंवा कपडे वाळवण्याचा स्टँड बसवायचा असेल तर मालकाला आधी कळवावे, भोकाचा उतार बाहेरच्या दिशेने ठेवावा आणि काढून नेताना ते बाहेरूनही मसाल्याने बुजवावे. ही अट भाडेकरूवर अविश्वास म्हणून नाही. बाहेरून भोक बुजवावे लागते हे बहुतेकांना माहीतच नसते.

यांखेरीज डक्टमधले, म्हणजे इमारतीच्या उभ्या मोकळ्या पोकळीतले पाइप, त्यांच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपे आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तुटलेली कोपरे पाहावीत. पिंपळाचे रोप नुसते उपटले तर मुळे आत राहून पुन्हा फुटते, म्हणून ते मुळासकट खोदून काढून जागा भरावी लागते. गच्चीवर पानांनी तुंबलेली पाण्याची तोंडे आणि कठड्याच्या पायाशी तडकलेला गोलावा (कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात भरलेला गोलसर मसाला), या दोनच गोष्टी मे महिन्यात पाहिल्या तरी वरच्या मजल्याचा बराच त्रास टळतो.

दुरुस्ती केव्हा आणि कोणत्या क्रमाने

पावसाळा निरीक्षणासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. ओल्या भिंतीवर लावलेला मसाला, सीलंट किंवा रंग नीट धरत नाही, त्यामुळे जुलैत घाईने केलेले काम ऑक्टोबरपर्यंत सुटलेले असते. जुलैत फक्त तात्पुरती सोय करावी. खिडकीवर ताडपत्री लावावी, भोके बुजवावीत, तुंबलेली तोंडे मोकळी करावीत. खरे काम नोव्हेंबर ते मे या काळात, बाहेरून आत या क्रमाने व्हावे. आधी पाणी शिरण्याची जागा बंद करावी, मग भिंत सुकू द्यावी आणि सर्वांत शेवटी आतले प्लॅस्टर व रंग करावा. नऊ इंची विटांची भिंत खोलवर भिजली असेल तर ती पूर्ण सुकायला काही आठवडे नव्हे, काही महिने लागतात. या काळात आतली फुगलेली पुट्टी खरवडून भिंत उघडी ठेवली तर ती लवकर कोरडी होते. लोणा आलेला असेल तर तो पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून काढावा. ओल येणाऱ्या भिंतीवर जिप्सम किंवा पीओपी वापरू नये. ओलीने ते मऊ पडते आणि हाताने निघते.

आतल्या बाजूने लावायच्या 'वॉटरप्रूफ' लेपाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पाणी बाहेरून येत असेल तर असा लेप पाण्याला थांबवत नाही, फक्त दुसरीकडे वळवतो. पाणी भिंतीतच राहते आणि पुढच्या वर्षी लेपाच्या कडेबाहेर, कधी शेजारच्या खोलीत, तर कधी विजेच्या बोर्डाजवळ दिसते.

दोन लक्षणे दिसली तर मात्र महिने मोजत बसू नये. एक म्हणजे छताचा पोपडा पडून आतली गंजलेली सळई दिसणे. लोखंड गंजले की मूळच्या कितीतरी पट जागा व्यापते आणि आतून काँक्रीट फोडते, म्हणून तिथे रंगारी किंवा गवंडी नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. दुसरे म्हणजे ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचणे किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येणे. त्या भागाचा वीजपुरवठा लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि घरात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. माझ्या मते घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने तो ओल नसतानाही बसवावा. दुसऱ्यांची मुले आपल्या भिंतींच्या आत राहत असतात.

खर्च कोणाचा

कारण कळले की खर्चाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, आणि कारण कळण्याआधी केलेला खर्चाचा वाद केवळ भांडण असतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, तसेच पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती, यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. न्हाणीघर, शौचालय, सिंक यांसारख्या फ्लॅटच्या आतल्या कारणांनी होणारी गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करायची असते. इमारतीच्या दुरुस्ती निधीसाठी सभासदांकडून जी वर्गणी घेतली जाते, ती बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का असावी असे उपविधी सांगतात. ती वर्गणी आपणही भरतो हे विसरू नये.

घर भाड्याने दिलेल्या सभासदाला एक वाक्य अनेकदा ऐकावे लागते: "तुम्ही इथे राहत नाही, भाडेकरूच्या तक्रारीवर आम्ही काय करणार?" याला उत्तर असे की तक्रार भाडेकरूची नसून सभासदाची आहे, आणि म्हणून पत्र नेहमी आपल्याच सहीने, फ्लॅट क्रमांकासह, वहीतल्या तारखा व छायाचित्रे जोडून सेक्रेटरींना द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. घर भाड्याने दिल्याबद्दल आपण बिनभोगवटा शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतोच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि ते भरल्याने सभासदाचे हक्क कमी होत नाहीत. पत्र मात्र सौम्य असावे. कमिटीतली माणसे बहुधा नोकरी सांभाळून हे काम करीत असतात आणि पुराव्यासह आलेल्या शांत पत्राला ती लवकर प्रतिसाद देतात, हा माझा अनुभव आहे. वरच्या फ्लॅटची पाहणी आवश्यक असेल तर उपविधींप्रमाणे कमिटी पूर्वसूचना देऊन ती करू शकते, त्यामुळे आपण स्वतः दार ठोठावून वाद ओढवून घेण्याची गरज नसते. सगळे करूनही मार्ग निघाला नाही, तर दुरुस्ती आणि गळतीचे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात नेता येतात. तो मार्ग लांबचा आहे आणि आधीचा पत्रव्यवहार नीट नसेल तर आणखी लांबतो.

इमारत नवी असेल तर आधी ताब्याची तारीख पाहावी. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत कोणताही खर्च न घेता दुरुस्त करायचा असतो. गुंतवणूक म्हणून नवा फ्लॅट घेऊन लगेच भाड्याने देणारे, विशेषतः परदेशात राहणारे मालक, ही मुदत नकळत गमावतात, कारण भाडेकरू दोन पावसाळे सहन करतो, घर सोडतो आणि ओलीची बातमी मालकापर्यंत पोचतच नाही. पहिल्या पाच पावसाळ्यांत दर ऑगस्टमध्ये कोणाकडून तरी प्रत्येक भिंतीची तारखेसह छायाचित्रे मागवून घ्यावीत आणि दोष दिसला तर विकासकाला लेखी कळवावे.

दुरुस्तीचा खर्च प्राप्तिकरात वेगळा वजा मिळेल असेही काहींना वाटते. घरभाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट सरसकट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीवर काही खर्च झाला नाही तरी ती मिळते आणि जास्त झाला तरी तेवढीच मिळते. म्हणून त्या ३० टक्क्यांचा काही भाग दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे मला योग्य वाटते.

भाडेकरूशी व्यवहार

ओलीचा खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापणे हा सर्वांत वाईट आणि दुर्दैवाने सर्वांत रूढ प्रकार आहे. पाणी बाहेरून येत असेल, वरून येत असेल किंवा भिंतीतल्या नळातून येत असेल, तर त्यात भाडेकरूचा काहीही दोष नसतो. उलट त्याचे कपडे, गाद्या आणि पुस्तके खराब झालेली असतात आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर बुरशीचा त्रास तो सोसत असतो. कपात केवळ त्याने स्वतः केलेल्या नुकसानीची असावी, आणि तेही ताबा देतानाचा आणि परत घेतानाचा व्हिडिओ समोर ठेवून. ओल असलेली खोली वापरता येत नसेल, तर तेवढ्या महिन्यांचे भाडे काही प्रमाणात कमी करण्याची तयारी मालकाने स्वतःहून दाखवावी. घर दोन महिने रिकामे पडण्याच्या, नव्या भाडेकरूच्या शोधाच्या आणि एजंटच्या खर्चाच्या तुलनेत ही सवलत स्वस्त पडते.

हे सर्व लिव्ह अँड लायसन्स करारात लिहिलेले असावे: भिंतीच्या आतले नळ, वॉटरप्रूफिंग आणि बाहेरची गळती मालकाकडे, नळाचे वॉशर, तुंबलेले ट्रॅप आणि दैनंदिन हवा खेळती ठेवणे भाडेकरूकडे, ओल दिसल्यापासून किती दिवसांत कळवायचे, आणि कळवल्यापासून किती दिवसांत मालकाने पाहणीची व्यवस्था करायची. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नोंदणी न केलेल्या कागदावर ओलीची कितीही चांगली अट लिहिली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

कराराची सुरुवात शक्य असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर करू नये. मेमध्ये कोरडी भिंत दाखवून दिलेले घर जुलैत ओले झाले की भाडेकरूला आपण फसवले गेलो असे वाटते, आणि त्याला आधीच्या वर्षीची ओल सांगितलेली नसेल तर त्याचे वाटणे चुकीचे नसते. मी आता घर दाखवतानाच गेल्या पावसाळ्याची वही समोर ठेवतो आणि काय दुरुस्ती केली तेही सांगतो. डोंबिवलीच्या घराचे ते भोक दोन वर्षांपूर्वी बाहेरून बुजवले, बीमखालची चीर जाळी मारून भरली आणि त्यानंतर आतल्या भिंतीला सहा महिने रंगच दिला नाही. त्या शिक्षिका अजून तिथेच राहतात. गेल्या जुलैत त्यांनी पेन्सिलच्या शेवटच्या रेघेचे छायाचित्र पाठवले, तेव्हा रेघेच्या आतली भिंत कोरडी होती.